ताठ पाट्यांची जीप

नागोराव मिस्त्री माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे, आधी पायाकडे. समोरचा नवा असो की रोजचा, ते त्याला चप्पल काढायला लावत, उलटी करून टाच बघत आणि निकाल सांगत. त्यांची-माझी पहिली भेट झाली तेव्हा मी आमच्या गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी म्हणून नुकताच लागलो होतो. तिशीचा होतो आणि स्वतःला शिस्तीचा माणूस समजत होतो. त्यांनी माझी चप्पल उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "सेक्रेटरी, डावी टाच बाहीरून खाल्लीया. उजवी सरळ हाय. म्हंजी तुमी डावीकडं वढताव. पिशवी कंच्या खांद्याला आसती?"

"डाव्या."

"मग खांदा बदला. न्हायतर चाळिशीत गुडघा बोलंल."

मी खांदा बदलला. आज पन्नाशी आली तरी गुडघा बोललेला नाही. पण त्याचं श्रेय त्यांना द्यावं इतका पुरावा माझ्याजवळ नाही.

आमचं गाव बेंबळीच्या पुढे. तिथून उस्मानाबादच्या शीतकरण केंद्रापर्यंत रोज सकाळी दूध न्यायचं काम नागोरावांच्या जीपकडे होतं. ते गावातल्या बौद्धवस्तीतले. वडिलांनी धर्म बदलला तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयाचे होते. पुढे बरीच वर्षं त्यांनी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून काढली. नोकरी का सोडली, असं मी विचारलं होतं. "तितं समद्या गाड्या एकसारख्या ठेवायच्या," ते म्हणाले. "एकीला जरा येगळं वळण लावू म्हटलं, की सायेब इचारायचे, कुणी सांगितलं? मला कुणी सांगत न्हाय ओ. गाडी सांगती."

मेव्हण्याबरोबर भागीत त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जीप घेतली आणि ती अशी बदलली की मूळची ओळखू येईना. मागचं अंग कापून तिथे कॅन ठेवायला लोखंडी हौदा बसवला. तोही शक्य तितका खाली, चेसीला जवळजवळ टेकवून. चेसी मध्ये पिळते असं त्यांना वाटलं, म्हणून तिला आडव्या पट्ट्या वेल्डिंग केल्या. चाकांच्या डिस्का उलट्या बसवून चारही चाकं बाहेर काढली, त्यामुळे जीप पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसे. मागच्या कमानींत, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या जुडग्यात, ट्रकच्या भंगारातले जादा पाटे घातले. टायरमध्ये हवा इतकी कडक, की बोटाने टिचकी मारली तर मडक्यासारखा आवाज यायचा.

दर रविवारी ते जीपभोवती सुताची दोरी ताणून चाकं एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहत. टायरांवर खडूने खुणा करून कुठलं टायर कुठे आणि किती दिवस चाललं हे ध्यानात ठेवत आणि पुढचं उजवं मागे डावीकडे अशी त्यांची जागा बदलत. मी एकदा म्हणालो, "एवढं लक्ष इंजिनाकडे दिलं तर?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "इंजन कुणाचंबी पळतंय, सेक्रेटरी. रस्त्याला धरतंय ते चाक. इंजन म्हंजी भूक आन् चाक म्हंजी अक्कल."

ही सगळी मेहनत वेगासाठी होती. केंद्रावर सकाळी गाड्यांची रांग लागे. जो आधी पोचेल त्याचं दूध आधी घेतलं जाई, मागे राहिलेल्याचं उन्हात तापून आंबे. आमचं दूध रांगेत कायम पहिलं. पुलाजवळच्या वळणावर बाकीचे ड्रायव्हर ब्रेक मारत आणि नागोराव मारत नसत. मी पहिल्यांदा शेजारी बसलो तेव्हा दोन्ही हातांनी दांडी पकडली होती. ते म्हणाले, "धरू नका. तुमी गाडीला धरायचं न्हाय, गाडी धरती तुमाला." गाडीने मला धरलं खरं, पण उतरल्यावर मी काही वेळ संस्थेच्या ओट्यावर बसून राहिलो.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. या माणसाला नम्रता माहीत नव्हती. पंक्चर झालं तर रस्ता वाईट, बेल्ट तुटला तर कंपनी चोर, उशीर झाला तर दूध घालणारे आळशी. जीपचा दोष कधीच नसे. "माझ्या गाडीत खोट काढणारा अजून जलमायचाय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांनी 'माझ्या' म्हणताच मी पुढचं मनात पूर्ण करून टाकत असे.

पण याच माणसाने कॅनच्या झाकणाला कधी हात लावला नाही. कॅन चढवायचे सभासदांनी, उतरवायचे केंद्रावरच्या हमालांनी. नागोराव तेवढा वेळ चाकांपाशी उभे राहत. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि करू नका असंही कुणी म्हणालं नव्हतं. सगळ्यांना ते सोयीचं होतं. मलाही त्यात काही वेगळं आहे हे पुष्कळ दिवस ध्यानात आलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात लागोपाठ पावसाने दगा दिला. रानात काही उरलं नाही, कडबा संपला, म्हशी आटत चालल्या. तरी घरात येणारं जे काही होतं ते दुधातूनच होतं. जिथे बारा कॅन काठोकाठ भरत तिथे जेमतेम सहा कॅनांचं दूध जमे. पण कॅन मात्र बाराच जात. आमच्याकडे प्रत्येक वस्तीचा, प्रत्येक मळ्याच्या बाजूचा कॅन वेगळा. आपलं दूध दुसऱ्याच्या दुधात ओतायला कुणी तयार नसे. त्यांच्या म्हशी पाणचट, त्यांची भांडी घाण, अशी कारणं सांगितली जात. न सांगण्यासारखी कारणंही असत. त्यामुळे बारा कॅन अर्धे-अर्धे होऊन जीपमध्ये बसत.

याच दिवसांत फॅटचा घोळ सुरू झाला. फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश. मी गावात मोजायचो तेव्हा तो सहाच्या पुढे असे. केंद्रावर मोजायचे तेव्हा पाचाच्या आसपास. एखाद्या दिवशी झालं असतं तर मी मनावर घेतलं नसतं, पण रोज होऊ लागलं. केंद्राने कळवलं, असंच चाललं तर तुमचं दूध बंद करावं लागेल.

संस्थेत सगळ्यात जास्त म्हशी दिगंबरआबांच्या. साठी उलटलेले, आवाज मोठा, मनात राहील असं काहीच ठेवत नसत. एका सकाळी ओट्यावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "हितं दूध सहाचं, तितं पाचाचं. मधी काय रस्ता पितो का?"

कुणी हसलं.

"हसू नका. मधी एकच माणूस हाय. साय काय उडून जाती व्हय?"

नागोराव पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "आबा, झाकणाला सील लावा. तुमच्या हातानं लावा."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कॅनच्या झाकणाला तार बांधून तिच्या गाठीवर लाख ओतली जाऊ लागली. आबा त्यावर आपल्या अंगठीचा ठसा उमटवत. केंद्रावर सील शाबूत निघालं. फॅट पाचच.

नागोराव सुटले. पण हिशोबात तूट तशीच राहिली तर ती कुणाच्या तरी नावावर टाकावीच लागते. आबांची नजर माझ्याकडे वळली. "मग सेक्रेटरी, तितं कमी न्हाय. हितंच तुमी जास्त दावताव म्हणायचं."

मी मोजायची काच बदलली, आम्ल बदललं, तेच दूध पुन्हा-पुन्हा तपासलं. आकडा हलेना. माझा आकडा बरोबर होता आणि केंद्राचाही बरोबर असावा असं मला वाटत होतं. दोन्ही बरोबर कसे, हे मात्र सांगता येत नव्हतं. घरी बायको, दोन मुलं आणि आई. दुष्काळात दुसरी नोकरी कुठून आणणार? येत्या बैठकीत नवा सेक्रेटरी नेमायचा असं चेअरमननी ठरवल्याचं माझ्या कानावर आलं होतं. नोकरी जाईल ते एक, पण आकडे फुगवणारा म्हणून जाईल, हे मला गिळवत नव्हतं.

बैठकीआधीचे दोन-तीन दिवस नागोराव गप्प होते. कुणाची चप्पल पाहिली नाही, रविवारी दोरी ताणली नाही. मला वाटलं, आळ टळला म्हणून माणूस निवांत झाला असेल. थोडा रागही आला.

बैठक सकाळीच, दूध जमा झाल्यावर ओट्यावर भरली. आबांनी विषय काढला. चेअरमन माझ्याकडे न बघता म्हणाले, "सेक्रेटरी, तुमाला काय म्हणायचं आसंल तर म्हणा." माझ्याजवळ म्हणायला आकड्यांशिवाय काही नव्हतं. तेवढ्यात जीपपाशी उभे असलेले नागोराव चालत ओट्याजवळ आले. एरवी ते बैठकीपासून लांबच असत.

"चोर घावलाय," ते म्हणाले.

"कोण?" आबा उठलेच.

"माझी गाडी."

कुणालाच काही कळलं नाही. नागोराव खाली बघत सांगू लागले. "परवा केंद्रावर क्लार्कनं सील तोडलं. हमाल बिडी वढत व्हता. म्या झाकण उघडलं." ते थांबले. ओट्यावरची दोन-चार तोंडं आबांकडे वळली. "म्या उघडलं. झाकणाच्या आतून पिवळं दाणं चिकटल्यालं. गळ्यालाबी. म्हटलं हे काय? बोटावर घेतलं तर लोणी."

"लोणी?" चेअरमन म्हणाले.

"पाटे ताठ केल्यात म्या. भरल्या कॅनाला ते बरं व्हतं, वजनानं दबत व्हते. आता वर वजन न्हाय. खड्डा आला की गाडी गिळत न्हाय, वर देती. टायर दगडावाणी. आर्धा कॅन, आत दूध हेंदकाळतंय. हितून तितपातूर ताक घुसळल्यावाणी चाललंय. लोणी झाकणाला बसतंय, केंद्रवाले मधलं दूध मापतेत. कॅन धुऊन माघारी येतेत, तुमास्नी काय दिसणार? सेक्रेटरीचं बरूबर हाय. माझ्या गाडीत खोट हाय."

हे शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

आबांना ते पटलं नाही. "गाडी कुठं ताक करती व्हय? काय बी सांगतो."

"मग बसा मागं. तुमीच बघा."

आबा हटणारे नव्हते. एक कॅन गळ्यापर्यंत भरून घेतला, एक अर्धा. दोन्हींवर त्यांनीच सील केलं. नागोराव चालवायला, आबा आणि मी मागे हौद्यात कॅनांशेजारी. नागोरावांनी गाडी रोजच्यासारखी, म्हणजे त्यांच्या रोजच्यासारखी चालवली. पहिल्या ओढ्यापर्यंत आबा त्यांना शिव्या देत होते. नंतर शिव्या द्यायला दात एकमेकांपासून सुटेनात. पुलाजवळच्या वळणावर त्यांनी माझा दंड पकडला. अर्ध्या कॅनमधून सारखा डबाक-डबाक आवाज येत होता आणि भरलेला मुका होता.

उस्मानाबादच्या अलीकडे एका लिंबाखाली गाडी थांबली. आबा खाली उतरून कंबर धरून उभे राहिले. "दुधाचं ऱ्हाऊ दे रं," ते म्हणाले, "माझ्या आतड्याचं लोणी झालंय."

मग त्यांनी खिशातून अडकित्ता काढून दोन्ही तारा तोडल्या. झाकणाला हात घालणार तोच थांबले. नागोराव सवयीने चाकापाशी गेले होते.

"नागू," आबा म्हणाले, "हिकडं ये. उघड."

नागोरावांनी आधी भरलेल्या कॅनचं झाकण काढलं. आतून स्वच्छ. मग अर्ध्याचं. झाकणाच्या आत ज्वारीच्या कण्यांसारखे पिवळे दाणे चिकटले होते. आबांनी बोटाने ते खरवडून जिभेवर ठेवले आणि बराच वेळ तोंड हलवत राहिले.

"लोणीच की रं," ते म्हणाले. माझ्याकडे पाहून आणखी काही म्हणतील असं वाटलं. पण माफी मागणं आबांच्या स्वभावात नव्हतं. "चला, सेक्रेटरी," एवढंच म्हणाले. ते मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध जमल्यावर नागोरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "नुसतं माझ्यावर भागायचं न्हाय. म्या पाटे काढतो, हवा कमी करतो. तुमी कॅन एक करा. भरून द्या." लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुणाचं दूध कुणाच्या दुधात ओतायचं हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता आणि कुणी तो मोठ्याने विचारेना. आबाच उठले. आपल्या वस्तीचा कॅन उचलला आणि पुढच्या, बौद्धवस्तीच्या अर्ध्या कॅनमध्ये ओतून टाकला. "दुष्काळात कसली म्हस पाणचट न्हाय?" ते म्हणाले. मग बाकीचेही एकेक करून उठले. सहा कॅन भरले, उरलेले कोठीत गेले.

नागोरावांनी त्याच दुपारी ओट्यासमोर जीप ठोकळ्यांवर उभी केली. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले आणि जादा पाटे एकेक करून बाहेर काढले. टायरांतली हवा सोडली ती मोजून. थोडी सोडायची, तळहाताने दाबायचं, पुन्हा थोडी. उलट्या डिस्का तेवढ्या ठेवल्या. काढलेले पाटे त्यांनी लोहाराकडे दिले. पुढे पाऊस झाला, दूध वाढलं, तेव्हा चेअरमन म्हणाले, "मिस्त्री, आता घाला की ते पाटे परत." नागोराव म्हणाले, "कुठले? त्येचे कवाच विळे झाले."

मी त्यांना एकदा विचारलं, "सील शाबूत निघाल्यावर तुम्ही तर सुटला होता. गप्प राहिला असता तरी चाललं असतं." ते टायरचा व्हॉल्व्ह थुंकी लावून तपासत होते. बुडबुडा येत नाही हे पाहून मगच म्हणाले, "गप ऱ्हायलोच की दोन-तीन दिस. जेवलो, झोपलो. पण गाडी चालवू वाटंना. स्टेरिंगला हात लावला की कॅनातला आवाज ऐकू यायचा. जी गाडी चालवू वाटत न्हाय तिची आब्रू राखून काय करायची?"

शीतकरण केंद्राने पुढे स्वतःचा टँकर सुरू केला आणि आमची जीप बंद झाली. नागोराव त्यानंतर फार जगले नाहीत. काविळीने गेले. मी वस्तीतल्या त्यांच्या घरी गेलो तेव्हा जीप दारात होती आणि तिच्या चाकांखाली दगड लावलेले होते. कुणी लावले होते कोण जाणे, पण चारही बरोबर जागी होते.

मला ते आठवतात ते मात्र त्या दुष्काळातल्या एका सकाळचे. जीप आता सावकाश जायची. रांगेत पहिला नंबर गेला होता. सभासदांतलं कुणीतरी दुधासोबत असावं असं ठरलं होतं आणि आबा ते काम दुसऱ्या कुणाला देत नव्हते. ते मागे हौद्यात कॅनांना टेकून बसत, मी पुढे. त्या सकाळी दुसऱ्या रूटचा टेम्पो भोंगा वाजवत आमच्या शेजारी आला. एकेकाळी नागोरावांनी त्याला रोज धूळ चारलेली. त्याच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "काय मिस्त्री, वरात हाय का मैत?"

नागोरावांचा जबडा आवळला. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला जाईल असं मला वाटलं. तो दाबला गेला नाही. पण त्यांना ते किती लागलं हे मी शेजारून पाहत होतो.

मागून आबा हौद्याचा कठडा धरून उभे राहिले आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडले, "जा की म्होरं! लोणी घिऊन जा! आमच्यात दूध हाय!"

टेम्पो धुळीत निघून गेला. नागोरावांनी आरशात पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसले. "आबा," त्यांनी मान वळवून हाक दिली, "म्होरं येऊन बसा. मागं हाडं खिळखिळी व्हतेल."

"न्हाय येत जा," आबा म्हणाले. "हितं झोप लागती. लई मऊ केलीस गाडी."

आपल्या गाडीला कुणी मऊ म्हटलेलं नागोरावांनी त्या दिवशी ऐकून घेतलं आणि पुढचा खड्डा दिसताच जीप आणखी हळू केली.